सत्तेचाळिसाव्या वर्षी हातात कात्री: सोलापुरातल्या हेअर क्लासचा अनुभव

एकोणीस वर्षं मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिला. दिवाळीनंतर कारखान्याला कुलूप लागलं. दोन-चार ठिकाणी विचारलं, सगळ्यांना टॅली येणारी पंचवीस वर्षांची मुलगी हवी. टॅली येतं ओ मला, वयाचं काय करू? मग सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठल्यावर, फेब्रुवारीत, तीन महिन्यांच्या हेअर कटिंगच्या क्लासला नाव घातलं. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे पावतीचा किस्सा आहे. पण ओळखीतल्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायका फोन करून विचारतात, "जाऊ का?" त्यांच्यासाठी एकदाच सगळं लिहून टाकते.

आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, दहावी पास चालतं, पण तो वर्षाचा. घरात सासूबाई अंथरुणाला, वर्षभर दिवसच्या दिवस बाहेर राहणं मला शक्य नव्हतं. म्हणून खासगी क्लास.

फोनवर फी 32,000 सांगितली होती. भरायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, प्लस जीएसटी. 37,760 होतात." जीएसटी नोंदणी असलेल्या खासगी क्लासला 18 टक्के जीएसटी लागतो हे खरंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तिनं पावती फाडून दिली. मी सवयीनं वरचा कोपरा बघितला. 27 ने सुरू होणारा 15 अक्षरांचा नंबर कुठेच नाही.

"बाळा, जीएसटी नंबर कुठाय?"

"कसला नंबर?" म्हणत ती केबिनकडे बघायला लागली. मोठ्या मॅडम बाहेर आल्या, पावती बघितली, मला बघितलं आणि विचारलं, "आधी काय करत होता तुम्ही?" 5,760 रुपये जागच्या जागी कमी झाले. बॅचमधल्या सहा मुलींनी मात्र ते आधीच भरले होते. त्यांना मी सांगितलं. दोघींना परत मिळाले, बाकीच्यांना शेवटपर्यंत "पुढच्या आठवड्यात". किटचे 6,500 वेगळे. त्यातला ब्लो ड्रायर बरा आहे, पण साडेपाच इंची कात्री केस कापत नाही, चावते. दुसऱ्या महिन्यात मी बाहेरून चांगली घेतली. तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या.

आता चांगलं. शिकवणाऱ्या मॅडम सव्वीस वर्षांच्या, माझ्या थोरलीएवढ्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला काकू. पंधरा दिवस त्यांनी डमीवर नुसते सेक्शन पाडून घेतले. मधोमध भांग, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, असे चार भाग, क्लिपा लावायच्या, सोडायचे, परत पाडायचे. मुली कंटाळल्या. मला बरं वाटलं, खतावणीसारखं काम होतं. मग अंशांचं गणित. केस खाली सोडून कापले, म्हणजे 0 ला, तर एका लांबीचा सरळ काठ येतो. 45 ला उचलून धरले की उतरता बॉब, डोक्यापासून 90 ला धरले की लेअर.

एक दिवस डमीवर लेअर पूर्ण करून मी मॅडमना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "काकू, डावी बाजू साडेबारानंतर कापलीत ना?"

मी घड्याळाकडेच बघितलं. अगदी खरं होतं. सकाळपासून उभं राहून हात भरून आला की कोपर खाली येतं, 90 चे 60 होतात, आपल्याला कळतही नाही. वरचे केस लांब राहतात आणि तिथे फुगा धरतो. त्यांनी खुर्चीचा पाय दाबून डमी वीतभर खाली घेतली. "हात वर न्यायचा नाही, डोकं खाली आणायचं. आणि ज्या सेक्शनला कापताय त्याच्यासमोर पाय न्या, नुसती कंबर वळवू नका." दुसऱ्या दिवसापासून माझी पाठ दुखायची थांबली. या एका गोष्टीसाठी मी क्लासला चांगलं म्हणते.

पण बावीस मुली आणि शिकवणाऱ्या त्या एकट्या. आणि बसायला स्टूल नाही. चाकाचं स्टूल घेऊन कापणारे लोक असतात, मी मागितलं, तर "बसून कापलेलं प्रोफेशनल दिसत नाही" असं उत्तर मिळालं. गुडघे दुखत असतील तर हे आधीच बोलून घ्या.

मॉडेल आपणच आणायचं. माझी पहिली मॉडेल शेजारची विडी वळणारी अक्का. तिची मजुरी हजारावर, अर्धा दिवस आणलं म्हणजे तिच्या चार-पाचशे विड्या बुडाल्या, तेवढे पैसे मी हातात दिले. ती आली डोक्याला खोबरेल चोपडून. त्या दिवशी नळ आलेला नव्हता (सोलापूरकरांना सांगायला नको), बेसिनला पाणी नाही, बॅरलमधून मगानं दोनदा शॅम्पू केला. एप्रिलच्या टाकीतलं पाणी, गिझरची गरज नव्हती. अक्का म्हणाली होती, टोकं तेवढीच. मी ओल्या केसांवर इंचभर कापलं. तिचे केस कुरळे. वाळले तसे वर चढले, दोन इंच गेल्यासारखे दिसायला लागले. ओले केस ताणले जातात हे वहीत लिहिलं होतं की, आठवलं नंतर. अक्कानं आरशात बघितलं आणि म्हणाली, "असू दे, विड्या वळताना पुढं येत होते."

कलरिंगमध्ये मी वर्गात पुढे होते, कारण ते हिशेबाचंच काम. ट्यूबवर 5.3 असेल तर पॉइंटच्या आधीचा आकडा गडदपणाचा, नंतरचा छटेचा. डेव्हलपरच्या (रंगात कालवायच्या पेरॉक्साइडच्या) बाटलीवर व्हॉल्यूमचा आकडा असतो, त्याला 10 ने भागून 3 ने गुणलं की पेरॉक्साइडचे टक्के निघतात: 20 चे 6, 30 चे 9. मुली पाठ करत होत्या. मात्र ट्यूबवरचं अक्षर इतकं बारीक की चष्मे दोन्ही हवेत, लांबचाही आणि जवळचाही.

मोठी तक्रार इथेच. रंग लावायच्या 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघायचा, हे थिअरीत शिकवलं. प्रॅक्टिकलला मॉडेल आली की थेट वाटी-ब्रश. बऱ्याच गडद रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं, काळ्या मेंदीच्या बऱ्याच पुड्यांतही असतं, आणि ज्याला सोसत नाही त्याचं तोंड सुजतं. माझ्या नणंदेला मी दोन दिवस आधी बोलावून टेस्ट केली, त्यावरून "काकू लई नियमाच्या" असं झालं. होऊ दे.

सोनेरी शिक्क्याच्या "इंटरनॅशनल" सर्टिफिकेटला भुलू नका. मुद्रा कर्जासाठी बँकेत गेले तेव्हा ते कुणी मागितलं नाही. खुर्ची-आरशाचं कोटेशन आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मागितली. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते. क्लासवाले त्याचे 1,500 सांगत होते.

सध्या आठवड्यातून तीन दिवस ओळखीच्या पार्लरमध्ये कटिंग करते, बाकी घरी. क्लासला पाचपैकी साडेतीन. सकाळची बॅच घ्या, दुपारी वरच्या मजल्याचा पत्रा तापतो. आणि पैसे भरायच्या आधी त्या सव्वीस वर्षांच्या मॅडम अजून तिथे आहेत का, तेवढं विचारून घ्या. मी मागच्या महिन्यात फोन केला तेव्हा होत्या.