सकाळची शाळा की दुपारची? नागपुरात पहिलीचा फॉर्म भरण्याआधी

नणंदेचा मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार. शाळा ठरली आहे, वेळ ठरायची आहे. परवा रात्री तिचा फोन आला, "वहिनी, फॉर्मवर सकाळ की दुपार एवढंच लिहायचं राहिलंय. तुमच्याकडे दोन्ही झालंय, तुम्हीच सांगा." खरं आहे, आमच्याकडे दोन्ही झालं. मोठा केजीपासून चौथीपर्यंत सकाळच्या शाळेत होता (मधली कोरोनातली मोबाइलवरची शाळा सोडून), धाकटी पहिलीपासून दुपारच्या शाळेत जाते. फोनवर जमेल तसं सांगितलं, पण नंतर वाटलं की हा घोळ बेसा-मनीषनगरपासून जरीपटक्यापर्यंत दर घरात होत असणार. म्हणून सगळं नीट लिहून काढते.

पहिली गोष्ट, शाळेची वेळ विचारू नका. बस दारात किती वाजता येते ते विचारा. मोठ्याची शाळा ७.२० ची होती. प्रवेश घेताना आम्ही म्हटलं, ठीक आहे, सहाला उठवू. जूनमध्ये कळलं की आमचा थांबा मार्गावर पहिला, बस ६.१५ ला. म्हणजे पाच वर्षांचं लेकरू साडेपाचला अंथरुणातून बाहेर. त्यानंतर शहरभर पाऊण तास फिरून बस शाळेत पोचायची, तोवर तो खिडकीला डोकं टेकवून झोपलेला असायचा. त्याच शाळेत जाणारा, शाळेपासून दोन चौकांवर राहणारा त्याचा मित्र ६.५० ला उठायचा. शाळा एक, वर्ग एक, आणि दोघांच्या झोपेत सव्वा तासाहून जास्त फरक. सकाळ की दुपार या प्रश्नाचं अर्धं उत्तर घर आणि शाळा यांमधल्या अंतरातच आहे.

झोपेचा हिशेब

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांची संस्था सांगते. ९ ही खालची मर्यादा झाली. साडेपाचला उठायचं तर रात्री साडेआठला मूल झोपलेलं हवं, नुसतं अंथरुणावर असून चालत नाही. आता आपल्या घराकडे बघा. आमचे हे बुटीबोरीहून साडेसातला येतात. मुलाला दिवसभरात बाबा मिळतो तो त्यानंतरच. जेवण, थोडी मस्ती, उद्याचं दप्तर, की वाजले दहा. मोठ्याला ती सगळी वर्षं रात्रीची साडेसात तास झोप मिळाली. उरलेली तो दुपारी काढायचा, दोन ते चार-साडेचार. दुपारी झोपला की रात्री डोळा लागायचा नाही, आणि सकाळी पुन्हा तेच रडगाणं. रोज सकाळी मुलाला रडवून उठवणं हे माझ्या आईपणातलं सगळ्यात वाईट काम होतं. आज तो सातवीत आहे, तरी ते आठवलं की जीव तुटतो.

धाकटी रात्री दहालाच झोपते. साडेसातला आपणहून उठते. साडेनऊ तास झोप, दुपारची गरज नाही, सकाळी रडणं नाही. घर तेच, आईबाप तेच, जेवणाची वेळही तीच. मूल शिस्तीचं किंवा आळशी असल्याचा यात काही संबंध नाही.

ज्यांच्या घरी सातला ताटं वाढली जातात आणि साडेआठला दिवे मालवले जातात, त्यांना हा मुद्दा लागू नाही. अशी घरं आहेत, आमच्या शेजारीच एक आहे, आणि त्यांची मुलगी सकाळच्या शाळेत आनंदात आहे.

पोटाचा प्रश्न

याबद्दल प्रवेशाच्या वेळी कोणी बोलत नाही, म्हणून मी सविस्तर बोलते. लहान मुलाचं पोट पहाटे पावणेसहाला साफ होत नाही. मागे लागून, ओरडून होत नाही म्हणजे नाहीच. मोठा तसाच जायचा, शाळेतल्या संडासात जायला लाजायचा, दिवसभर धरून ठेवायचा. दुसऱ्या सत्रापर्यंत त्याला बद्धकोष्ठाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी औषधापेक्षा एकच सल्ला दिला: खाल्ल्यावर दहा मिनिटं निवांत बसायला वेळ द्या. तो वेळच तर आमच्याकडे नव्हता.

खाण्याचंही तसंच. पहाटे गळ्याखाली घास उतरत नाही, दूध पाजलं की बसमध्ये उलटी. म्हणून तो रिकाम्या पोटी जायचा आणि साडेनऊच्या सुट्टीत डब्यातली पोळी-भाजी हेच दिवसाचं पहिलं अन्न असायचं.

दुपारच्या शाळेत हे सगळं सुटतं, पण दुसरं अडतं. धाकटीची बस ११.२० ला येते, म्हणजे साडेदहाला वरण-भात-पोळी वाढायची. आठला पोहे खाल्लेल्या मुलीला साडेदहाला भूक कुठली? मी दोन महिने झटले. शेवटी सकाळी फक्त दूध आणि एखादं फळ (हिवाळ्यात संत्री आहेतच), आणि साडेदहाला पोटभर जेवण, असं बसवलं तेव्हा जमलं. अडीचच्या सुट्टीला डबा, संध्याकाळी आल्यावर काहीतरी गरम. सासूबाई आहेत म्हणून हे जमतं, ते पुढे सांगते.

उन्हाची भीती आणि थंडीचा विसर

नागपूर म्हटलं की लोक लगेच म्हणतात, इथल्या उन्हात दुपारची शाळा? वेड लागलंय का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण वर्षाचा हिशेब मांडून बघा. इथलं सगळ्यात भयंकर ऊन मे महिन्यातलं. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं, पण तेव्हा शाळा नसते. विदर्भातल्या शाळा उघडतातही उशिरा. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र १६ जूनला शाळा भरल्या, आपल्याकडे २३ जूनला. आणि एप्रिलमध्ये बहुतेक शाळा सगळ्यांनाच सकाळी बोलावतात. २०२५ च्या मार्चअखेर शिक्षण विभागाने प्राथमिक शाळांसाठी ७ ते ११.१५ अशी वेळ राज्यभर एकच करून दिली होती. म्हणजे दुपारच्या शाळेतलं मूलही ऐन उन्हाळ्यात सकाळीच जातं. उन्हाची खरी झळ लागते ती मार्चमध्ये, जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या उकाड्यात आणि ऑक्टोबरमध्ये. हे दिवस त्रासाचे आहेत, नाकारत नाही. वर्ग वरच्या मजल्यावर गच्चीखाली असेल तर फारच. म्हणून दुपारच्या शाळेत पहिलीचा वर्ग कितव्या मजल्यावर भरतो, पंखे किती आहेत, हे जाऊन डोळ्यांनी बघा.

थंडी मात्र आपण विसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या हिवाळ्यात मोठा केजी-टूमध्ये होता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य उगवतो ६.५३ ला, आणि आम्ही ६.१५ ला थांब्यावर. चक्क अंधार असायचा. कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, आणि तरी गार पडलेले ते इवलेसे हात. एप्रिलच्या मध्यावर सूर्य सहाच्या आधीच वर आलेला असतो, थांब्यावर कोवळं ऊन असतं. म्हणून उन्हाळ्यातली सकाळची शाळा लहान मुलांना जड जात नाही, धाकटीही त्या महिन्यात आरामात उठते. हिवाळ्यातली जड जाते. वर्षभराची सकाळची शाळा घेताना एप्रिलची सकाळ डोळ्यांसमोर आणू नका, जानेवारीची आणा.

संध्याकाळ कोणाची?

इथे सकाळची शाळा जिंकते, आणि मोठ्या फरकाने जिंकते. मोठ्याला चार ते सात मैदान मिळायचं. पोट्टे जमवून क्रिकेट, सायकल, पावसाळ्यात चिखल. दुपारच्या शाळेतलं मूल पावणेसहाला घरी येतं. माझी मुंबईची बहीण म्हणते, मग काय झालं, तासभर खेळेल की. तिच्याकडे खेळेल. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, आपल्याकडे सूर्य वीसेक मिनिटं आधी उगवतो आणि मावळतोही आधी. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे साडेपाचला सूर्यास्त. धाकटी बसमधून उतरते तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. नोव्हेंबर ते जानेवारी तिला आठवड्यात पाच दिवस मैदान दिसत नाही. हे मला आजही खुपतं. सकाळी आठ ते नऊ ती अंगणात खेळते, पण एकटी, कारण बाकीची मुलं शाळेत असतात. स्केटिंग, तबला, कराटे, जे काही लावायचं असेल ते वर्गही बहुतेक संध्याकाळीच असतात.

अभ्यासाचं उलट आहे. धाकटी सकाळी नऊला ताज्या डोक्याने बसते आणि अर्ध्या तासात गृहपाठ उरकते. मोठा दुपारी जेवून पेंगत बसायचा. वर्गातल्या शिकवण्याच्या तासांची चिंता करू नका. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास धरले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. तेवढे दोन्हीकडे होतात.

घरी कोण आहे?

नोकरी करणाऱ्या आईबापांनी हा हिशेब कागदावर मांडावाच. मी सरकारी कार्यालयात आहे. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून आमची वेळ ९.४५ ते ६.१५. मी सव्वानऊला घर सोडते, पावणेसातला परत. सकाळच्या शाळेचं मूल साडेबाराला येतं, म्हणजे सव्वासहा तास माझ्याविना. दुपारच्या शाळेचं मूल सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास, मिळून तीन तास. ऐकायला दुपारची शाळा सोपी वाटते. पण हे तीन तास दोन तुकड्यांत आहेत आणि पाळणाघर तुकडे पाडून देत नाही. सकाळी सव्वानऊला मुलाला सोडायचं, तिथे जेवायला घालून ११.२० ला बसमध्ये बसवून द्यायचं, संध्याकाळी पुन्हा उतरवून घ्यायचं, हे करणारं पाळणाघर मला आमच्या भागात मिळालं नव्हतं. उलट साडेबारा ते सात सांभाळणारी दोन-तीन होती. आमच्याकडे सासूबाई आहेत. सकाळी जेवू घालून बसमध्ये बसवणं त्यांना झेपतं, कारण मूल दिवसातला मोठा वेळ शाळेत असतं आणि त्यांना दुपारी पाठ टेकता येते. मोठ्याच्या वेळी दुपारभर त्याला सांभाळून त्या थकून जायच्या. कूलरसमोर झोपवलेला पोरगा अर्ध्या तासात उठून दाराची कडी काढायचा. सत्तरीच्या बाईने किती धावायचं?

म्हणून माझं म्हणणं असं. घरी आजी किंवा आजोबा असतील, पण फार धावपळ करू शकत नसतील, तर दुपारची शाळा घ्या. घरी कोणीच नसेल आणि चांगलं पाळणाघर जवळ असेल तर सकाळची घ्यावी लागेल, मग बसचा थांबा बघून घर किंवा शाळा निवडा. आई घरीच असेल तर पहिली-दुसरीसाठी मी डोळे झाकून दुपार म्हणेन. मैदान बुडतं ते शनिवार-रविवारी थोडंफार भरून काढता येतं, बुडालेली झोप भरून निघत नाही.

तिसरा मार्गही आहे. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयात पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरवा असं सांगितलं आहे, आणि मुलांची अपुरी झोप हेच कारण दिलं आहे. जिथे एकाच इमारतीत दोन सत्रं चालतात तिथे हे जमवणं अवघड आहे, म्हणून नणंदेच्या फॉर्मवर अजून ७.२० दिसतं. पण ९ ते अडीचची शाळा घराजवळ मिळत असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि ती घ्या. झोप होते, पोट साफ होतं, संध्याकाळ हाताशी राहते. आमच्या मोठ्याच्या वेळी हे असतं तर!

नणंदेचं घर बेशात, शाळा धरमपेठेच्या बाजूला. बस ६.१० ला येईल असं तिला शाळेतून कळलं आहे. तिचे सासू-सासरे घरी आहेत, सासऱ्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. मी तिला दुपार लिहायला सांगितलं. वर हेही सांगितलं की पाचवीत गेल्यावर सकाळची मागून घे. आमचा मोठा आता सातवीत आहे, अजूनही सकाळचाच. बस ६.३५ ला येते, गजर तो स्वतः लावतो आणि संध्याकाळी फुटबॉलला जातो. त्याच्या वयाला ती वेळ आता शोभते.