मुतखडा: पानफुटी-काढा की डॉक्टरी उपचार?

मेहुण्याच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत ७ मिमीचा खडा निघाला. घरातले म्हणतात, पानफुटी खा. डॉक्टर म्हणतात, गोळ्या घ्या, नाही पडला तर दुर्बिणीने काढू. काय करावं?

आधी गुण कशाचा ते बघू. ५ मिमीच्या आतले बहुतेक खडे भरपूर पाण्यावर आपोआप पडतात, आणि श्रेय जातं सकाळी चावलेल्या पानाला! पानफुटी, गोखरू, वरुण, पाषाणभेद यांनी मोठा खडा विरघळतो याला भक्कम पुरावा नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा तर डॉक्टरी गोळीनेही विरघळत नाही. युरिक अ‍ॅसिडचा मात्र पोटॅशियम सायट्रेटने विरघळू शकतो. म्हणून पडलेला खडा गाळणीत पकडून तपासायला द्यावा.

खर्चात काढा स्वस्त, यात वाद नाही. शस्त्रक्रियेआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते विचारा.

धोका? पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी टाळावी. पण खरा धोका वाट बघण्याचा. नळीत अडकलेला खडा दुखायचा थांबला तरी मूत्रपिंड सुजत राहू शकतं.

छोटा खडा, दुखणं सोसवणारं, पुन्हा सोनोग्राफी ठरलेली: कुळथाचं कढण खुशाल प्या, डॉक्टरांना सांगून. मेहुण्यासारखा ५ ते १० मिमीचा नळीतला खडा असेल तर टॅमसुलोसिन (नळी सैल करणारी गोळी) आणि खडा पडायला ठरावीक मुदत. ताप-थंडी, लघवी बंद, एकच मूत्रपिंड किंवा गरोदरपण असेल तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.