आरपीजी मेकर एमझेड: फॉर्म्युला बॉक्स झकास, आतला फॉर्म्युला मात्र बदला

२०२० साली आलेल्या आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्किलला (पात्राच्या हल्ल्याला किंवा कौशल्याला) डॅमेजसाठी, म्हणजे किती इजा होते ते ठरवण्यासाठी, एका ओळीचा बॉक्स असतो आणि त्यात थेट जावास्क्रिप्ट चालते. सोय फार मोलाची आहे. पण साध्या हल्ल्यासाठी आधीच भरून दिलेला फॉर्म्युला, म्हणजे अटॅकची चौपट वजा डिफेन्सची दुप्पट, लांबलचक गेममध्ये टिकत नाही.

डिफेन्स ४० धरा. अटॅक ४० असेल तर डॅमेज ८०, २५ असेल तर २०, २१ ला जेमतेम ४ आणि २० पासून खाली थेट शून्य. एखादी तलवार घ्यायची राहिली की खेळाडूची लढाई अवघड होत नाही, अशक्यच होते.

अटॅकला अ आणि डिफेन्सला ड म्हणू. बॉक्समध्ये हे टाका (टाइप करताना अ म्हणजे a.atk, ड म्हणजे b.def, गुणाकाराला * आणि भागाकाराला /): ४ × अ × अ × अ ÷ (अ × अ + ड × ड). दोन्ही आकडे सारखे असतात तिथे उत्तरही तेच येते आणि रेषेचा चढही तोच राहतो, त्यामुळे आधी जुळवलेल्या लढाया बिघडत नाहीत. अटॅक २० ला आता १६ मिळतात, ८० ला २४० ऐवजी २५६. डॅमेज मूळ फॉर्म्युल्याच्या खाली कधीच जात नाही, म्हणून तगड्या हिरोसमोरच्या शत्रूंचे एचपी (जीव किती उरला ते दाखवणारा आकडा) थोडे वाढवा.

बरेच जण ४ × अ × अ ÷ (अ + ड) वापरतात. वक्र गुळगुळीत येतो, पण डिफेन्स बफ, म्हणजे लढाईत डिफेन्स तात्पुरता वाढवणारं स्किल, निकामी होतो. एका पायरीचा बफ २५ टक्क्यांचा, म्हणजे ४० चे ५०. मूळ फॉर्म्युल्यात डॅमेज ८० वरून ६० वर येतो, वरच्या अ × अ × अ वाल्या फॉर्म्युल्यात ६२ वर, यात मात्र ७१ वरच अडतो. खेळाडूची एक पाळी फुकट जाते.

तपासताना व्हेरिअन्स (डॅमेज किती टक्के कमीजास्त होऊ शकतो तो आकडा) २० वरून शून्यावर आणा आणि क्रिटिकल (नशिबाने बसणारा जबर फटका) बंद ठेवा. क्रिटिकल तिप्पट मारतो, त्यात वक्र दिसतच नाही.

खरी तक्रार वेगळी आहे. कंस राहिला किंवा स्पेलिंग चुकलं तर इंजिन काहीही न सांगता शून्य डॅमेज देतं. मूळ फॉर्म्युल्यात हा शून्य टायपिंगच्या चुकीमुळे आला की डिफेन्समुळे, ते कळायला मार्ग नाही. नव्या फॉर्म्युल्यात बरोबरीच्या लढाईत शून्य दिसला आणि शत्रू हल्ल्याच्या एलिमेंटला (आग, बर्फ अशा प्रकाराला) इम्यून नसला, तर आधी टायपिंग तपासा. शिवाय फॉर्म्युला प्रत्येक स्किलचा स्वतंत्र असतो, त्यामुळे प्लगइन (वरून जोडायचा कोड) नसेल तर बदल एकेका स्किलमध्ये हातानेच करावा लागतो.