डेटाबेस व्हीएममध्ये की थेट मशीनवर?

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या एका घाऊक किराणावाल्यांना नवा सर्व्हर घ्यायचाय. प्रश्न एकच: बिलिंगचा डेटाबेस, म्हणजे पोस्टग्रेस, थेट मशीनवर टाकायचा की व्हीएममध्ये (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनमध्ये)?

वेगाची चर्चा मी दोन मिनिटांत संपवतो. व्हीएममध्ये थोडा वेग जातो, पण बिलिंगच्या कामाला तो जाणवत नाही.

खरी भानगड डिस्कची. कमिट करताना, म्हणजे नोंद पक्की करताना, पोस्टग्रेस विचारतो, ‘उतरलं का डिस्कवर?’ आणि ‘हो’ आलं की पुढे सरकतो. थेट मशीनवर हे ‘हो’ म्हणणारे डिस्क आणि ती चालवणारा कंट्रोलर. व्हीएममध्ये हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर), होस्टची (खालच्या खऱ्या मशीनची) फाइल सिस्टिम असे आणखी दलाल मध्ये बसतात. एखादा खोटं बोलला तरी वीज जाईपर्यंत सगळं झकास चालतं. पोस्टग्रेससोबत पीजी_टेस्ट_एफसिंक येतं, सेकंदाला किती वेळा डिस्कवर उतरवून होतं ते मोजणारं, ते व्हीएमच्या आत चालवा. 7200 आरपीएमची हार्डडिस्क सेकंदाला 120 फेरे घेते, म्हणजे आकडा साधारण तेवढ्यातच राहायला हवा. बॅटरीवाली कॅश (वीज गेली तरी डेटा जपणारी) नसताना हजारोंत आला तर कुणीतरी थापा मारतंय. (एसएसडीला हा हिशेब लागू नाही.)

मी स्वतः यात तोंड भाजून घेतलंय. डेटा भराभर चढावा म्हणून क्यूईएमयूची (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामची) कॅश ‘अनसेफ’ केली, म्हणजे डिस्कवर न उतरताच ‘हो’, आणि परत बदलायची विसरलो. पावसाळ्यात यूपीएस बसला, बिलांचं टेबल उघडेना. रात्रीचा बॅकअप चढवला, दिवसभराची बिलं कार्बन कॉपीवरून पुन्हा टाइप केली. मुनीमजी दोन दिवस बोलले नाहीत.

दुसरी खोड शेजाऱ्यांची. होस्टवर व्हीएम कोंबल्या की रॅम आणि सीपीयू दोन्हींची ओढाताण. डेटाबेसची रॅम राखीवच ठेवा. केव्हीएमवर (लिनक्सच्या हायपरव्हायझरवर) ‘टॉप’ कमांडमधला ‘एसटी’, म्हणजे हिरावलेल्या सीपीयू वेळेचा आकडा, सतत वर दिसला, तर आपला सीपीयू शेजारी खातोय.

मग थेट मशीन? डेटाबेस एकटाच अख्खी मशीन वापरणार असेल तर खुशाल. पण मदरबोर्ड गेला की तसलाच सर्व्हर शोधत फिरा. व्हीएम दुसऱ्या होस्टवर उठते, अपग्रेडआधी तिच्या क्लोनवर (हुबेहूब प्रतीवर) रंगीत तालीमही होते. फक्त स्नॅपशॉटला (व्हीएमच्या एका क्षणाच्या टिपलेल्या स्थितीला) बॅकअप समजू नका. हायपरव्हायझर बनवणारं व्हीएमवेअरच सांगतं, एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

सियागंजवाल्यांना व्हीएमच सांगितली: दोन होस्ट, रोजचा बॅकअप तिसऱ्याच मशीनवर. एफसिंकचा आकडा पटल्याशिवाय पहिलं बिल फाडायचं नाही.