हर्ट, एइक की पेन: 'दुखतंय' इंग्रजीत सांगायचं कसं?

'माय नी इज पेनिंग.' पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात हे वाक्य बिनघोर चालतं. डॉक्टरही तसंच बोलतात. पण लेकीकडे लंडनला राहायला गेलेल्या आईबाबांनी तिथल्या डॉक्टरांना हेच ऐकवलं, तर अर्थ पोचेल, कानाला मात्र खटकेल. तिकडे पेन हे मुख्यतः नाम: 'आय हॅव अ पेन इन माय नी.' क्रियापद म्हणून ते उरलंय 'इट पेन्स मी टु से'सारख्या, जड मनाने काही सांगायच्या वाक्यांत. म्हणजे खरी निवड हर्ट आणि एइक यांच्यातच. (एइक म्हणजे ache, उच्चार आपल्या 'एक'जवळचा; घोळ नको म्हणून असं लिहितोय.)

अडलंच तर डोळे मिटून हर्ट घ्या. आपल्याला जिथे दुखणं, दुखावणं आणि लागणं असे तीन शब्द लागतात, तिथे हा एकटा पुरतो. 'माय नी हर्ट्स' म्हणजे गुडघा दुखतो. 'आय हर्ट माय नी' म्हणजे गुडघा दुखावला. 'आय हर्ट मायसेल्फ', मला लागलं. डॉक्टरांसमोर हा फरक महत्त्वाचा: पहिल्या वाक्यावर ते 'कधीपासून?' विचारतील, दुसऱ्यावर 'पडलात कुठे?' मूळ जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थच धडकणं, त्यामुळे इजा त्याच्या रक्तात आहे. 'यू हर्ट मी' म्हणजे मन दुखावलंस किंवा पायावर पाय दिलास; बोलणाऱ्याचा चेहरा बघून ठरवावं. भूतकाळातही हर्टच राहतं, 'हर्टेड' असं काही नसतं. आणि 'इट वोंट हर्ट टु आस्क' म्हणजे निव्वळ आपलं 'विचारायला काय जातंय?'

एइक मात्र फक्त दुखतं, कुणाला दुखावत नाही; 'आय एइक्ड माय नी' चालणार नाही. ते मंद, रेंगाळणाऱ्या दुखण्याचं: तापात अंग मोडून येतं, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, तसं. घरच्या माणसांसाठी जीव तुटतो, तेव्हाही 'एइक फॉर'. स्पेलिंगमध्ये सी-एच असून उच्चार क का? पूर्वी हे क्रियापद के लावूनच लिहीत. इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या इंग्रजी शब्दकोशात त्याचं मूळ चुकून ग्रीक मानलं आणि सी-एचवाल्या स्पेलिंगचं बस्तान बसलं. जोडशब्दांत ते ठरावीक ठिकाणीच बसतं: हेडेक, टूथेक, बॅकेक, स्टमकेक. गुडघ्याला ही सोय नाही. घशाला तर वेगळंच, 'सोअर थ्रोट'. हेडेक आपण इतका आपलासा केलाय की 'डोक्याला हेडेक' म्हणताना डोकं दोनदा आलं, हे जाणवतही नाही.

दोन्ही शब्द तोकडे पडतात ते ठणका, चमक, झोंबणं सांगताना. तिथे अनुक्रमे थ्रॉबिंग, शूटिंग, स्टिंगिंग म्हणावं. डॉक्टरांना हा तपशील हवाच असतो: कॅनडात मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये मांडलेल्या, दुखणं कसं आहे ते विचारणाऱ्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेसाठी 78 शब्द आहेत, 20 गटांत. त्यातला एकही आठवला नाही, तर 'इट हर्ट्स हिअर' म्हणा आणि बोट ठेवून दाखवा.