धडधडीच्या नावाखाली अँजिओग्राफी

सुरुवात बहुधा मोफत शिबिरात होते. सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर मंगल कार्यालयात बीपी, शुगर, ईसीजी फुकट. साठी ओलांडलेले काका सांगतात, मधूनमधून छातीत धडधडतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो. ईसीजी निघतो. कागदावर मशीनने आपणहून एक ओळ छापलेली असते, 'ॲबनॉर्मल ईसीजी'. तिच्याभोवती लाल पेनाने गोल होतो. "काका, ठोके अनियमित आहेत, ब्लॉकेज असू शकतो. उद्याच या, शिबिरातल्या पेशंटला अँजिओग्राफीत सवलत आहे." दुसऱ्या दिवशी डिपॉझिट, संध्याकाळी कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी करतात ती खोली), तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. अँजिओ नॉर्मल येते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि धडधड होती तशीच राहते.

अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या दिसतात. ठोक्यांचा ताल त्यात दिसत नाही. चालताना छाती भरून येते, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग कमी दिसतं, अशी वेगळी कारणं असतील तर ती करावी लागते. नुसत्या धडधडीवर आधी अँजिओ सुचवली, तर "कशासाठी?" हे विचारायलाच हवं.

तालाच्या बिघाडाला पुरावा एकच: धडधड चालू असतानाची ईसीजी पट्टी. ती हातात घेऊन बघता येते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. सलग ३० मोठे चौकोन मोजा, हे ६ सेकंद झाले. त्यातले उंच टोकदार ठोके मोजून दहाने गुणा, मिनिटाचे ठोके मिळाले. आता प्रत्येक टोकाआधी एक छोटासा उंचवटा आहे का ते पाहा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, ज्याला डॉक्टर 'ए-फिब' म्हणतात, तो उंचवटा गायब असतो, तळाची रेघ थरथरते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर कुठेच जुळत नाही. उलट एखादाच ठोका वेळेआधी येतो, मग जरा लांब थांबा आणि पुन्हा सगळं सुरळीत, तर तो बहुतेक वेळा एक्टॉपिक, म्हणजे मधेच पडलेला जादा ठोका. मशीन या दोघांत गल्लत करतं. हाताचा कंप किंवा सैल चिकटलेला इलेक्ट्रोडही त्याला फसवतो. म्हणून छापलेली ओळ निदान धरायची नाही, हृदयरोगतज्ज्ञाने पट्टी वाचून सही केलेला रिपोर्ट धरायचा. स्मार्टवॉचने दिलेल्या इशाऱ्यालाही हाच नियम.

धडधड येऊन जाऊन असेल तर होल्टर लावतात, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र. इथे दुसरी युक्ती आहे. त्रास पंधरवड्यातून एकदा होतो आणि यंत्र लावलं २४ तासांचं, तर रिपोर्ट नॉर्मल येणं स्वाभाविक आहे. मग 'अजून एक', पुन्हा बिल. अशा वेळी सुरुवातीलाच सात ते चौदा दिवसांचा पॅच (छातीवर चिकटवायचं तसंच यंत्र) मागावा, आणि धडधड झाली की वेळ वहीत लिहावी. नोंदीशिवाय रिपोर्ट अर्धाच. उलटी भीतीही घालतात. "एका दिवसात ३,२०० चुकीचे ठोके!" दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात, म्हणजे हे तीन टक्के झाले. इको नॉर्मल असेल तर एवढ्यावरून कुणाला कॅथलॅबमध्ये न्यायचं कारण नाही. असे ठोके दहा टक्क्यांच्या वर गेले की हृदयाचा पंप कमजोर होतोय का, यावर लक्ष ठेवावं लागतं. झोपेत नाडी ४० वर आली, दोन सेकंदांचा थांबा दिसला, तेवढ्यावर पेसमेकर सांगणारेही आहेत. चक्कर येत नसेल, शुद्ध हरपली नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवल्याशिवाय सही करू नका.

ज्या तपासण्या खरंच लागतात त्या स्वस्त आहेत, आणि पॅकेजमध्ये नेमक्या त्याच राहून जातात: टूडी इको, थायरॉइडची टीएसएच, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन. थायरॉइड वाढल्यामुळे आलेल्या ए-फिबला आधी थायरॉइडचं औषध लागतं.

ॲब्लेशन म्हणजे बारीक नळी (कॅथेटर) हृदयात नेऊन ताल बिघडवणारा भाग निकामी करणं. त्याच्या बिलात कॅथेटरची ओळ सर्वात जाड. एकदाच वापरायचे कॅथेटर निर्जंतुक करून पुन्हा वापरले जातात आणि बिल नव्या किमतीचं लागतं, हा प्रकार होतो. दाखल होण्याआधी लेखी विचारा: कॅथेटर नवा की वापरलेला, थ्रीडी मॅपिंगचे (हृदयातल्या विजेचा नकाशा काढण्याचे) वेगळे किती, काही गुंतागुंत झाली तर वर काय लागेल. डिस्चार्जच्या फाईलमध्ये कॅथेटरच्या पाकिटावरचा लॉट नंबरचा स्टिकर मागा. "स्टिकर फेकला" हे उत्तर पुरेसं बोलकं आहे. आणि "एकदा ॲब्लेशन केलं की सगळ्या गोळ्या कायमच्या बंद" असं कुणी सांगितलं तर उठा. काही प्रकारच्या एसव्हीटीमध्ये (अचानक सुरू होणारी खूप वेगवान धडधड) शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास पेशंट बरे होतात, पण ए-फिब परत येऊ शकतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की नाही हे ॲब्लेशनवर ठरत नाही, पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं.

तो धोका गुणांनी मोजतात. हृदयाची कमजोरी, बीपी, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक. ६५ ते ७४ वयाला एक, ७५ नंतर दोन. आधी पक्षाघात झाला असेल तर दोन. बाईमाणसाला पूर्वी एक गुण वेगळा धरत, २०२४च्या युरोपीय मार्गदर्शिकेने तो काढला. बेरीज दोन किंवा जास्त आली की गोळी लागते. इथे ॲस्पिरिन देऊन वेळ मारून नेणं हीसुद्धा फसवणूकच, स्वस्तातली. ए-फिबमध्ये हृदयात गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात, आणि तिला ॲस्पिरिन पुरत नाही. मेटलची झडप असेल किंवा मायट्रल झडप चांगलीच आकुंचली असेल तर रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या, वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमरॉल, आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) साधारण २ ते ३ (मेटलच्या झडपेत कधी थोडा वर). रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या तिथे चालत नाहीत, मेडिकलवाला काहीही म्हणो. 'हृदय शुद्धी'चं चूर्ण वॉर्फरिनसोबत सुरू केलं की आयएनआर बिघडतो, आणि चूर्णवाल्याला त्याचं सोयरसुतक नसतं. हृदयरोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी रिक्षाच्या पाठीवर ती दिसतेच.

ताल जागेवर आणायला घाईत दिलेला विजेचा शॉकही तसाच. ए-फिब कधी सुरू झालं हे नक्की नसेल, तर तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी घेऊन किंवा घशातून इको करून गुठळी नाही हे पाहूनच शॉक देतात, आणि नंतर निदान चार आठवडे गोळी चालू ठेवतात. रक्तदाब कोसळला असेल तर गोष्ट वेगळी. शुद्ध हरपली, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर यातलं काही न विचारता जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

पैसे गेलेच असतील तर पहिलं काम कागद गोळा करण्याचं. केसपेपर, ईसीजीची मूळ पट्टी, अँजिओची सीडी, पक्कं बिल यांची प्रत लेखी मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेनुसार ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम (खासगी रुग्णालय) नियमांतल्या २०२१च्या दुरुस्तीने दरपत्रक दर्शनी लावणंही बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा. उपचाराबद्दल तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, पैशांबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी नाही. थर्मल कागदावरची ईसीजी पट्टी काही महिन्यांत पुसट होते, तिची झेरॉक्स आजच काढा.