हंगामी नर्स पुरवणारी एजन्सी: सेवा घ्यावी का?

रजेवर गेलेल्या नर्सची पाळी भरून काढायला ही सेवा उत्तम. रिकामी पदं कायमची भरायला मात्र अजिबात नाही. आलेली नर्स कामात पक्की असते, पण वॉर्ड तिला नवा. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधं-उपकरणांची ढकलगाडी) कुठं, औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, संगणकाचं लॉगिन चालतं का, यातच पहिला तास जातो. म्हणून तिला अर्धा तास आधी बोलवा आणि लॉगिन आदल्या दिवशीच तयार ठेवा. इन्सुलिन, हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) अशी डोस चुकला तर घातक ठरणारी औषधं देताना वॉर्डातली जुनी नर्स तपासायला सोबत हवीच.

दर जड आहे. त्याहून वाईट म्हणजे, शेजारी तेच काम कमी पगारात करणारी कायम नर्स हे रोज बघते आणि एक दिवस तीही राजीनामा देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात ५८ लाख परिचारिका कमी होत्या. २०३० पर्यंत तूट ४१ लाखांवर येईल, असा अंदाज आहे. एजन्सी नव्या नर्स घडवत नाही, आहेत त्यांनाच फिरवते.

करारात एक अट घालाच: ठरलेली नर्स आली नाही, तर बदली किती तासांत मिळेल.